चैत्रगौरीची रीळ

शनिवारी दुपार कलली की दुर्गाबाई चित्रसंग्रहालयाच्या मागच्या दालनात शिरायच्या आणि पहिल्यांदा खिडक्या बुजवायच्या. खिडक्या चांगल्या उंच, बडोद्याच्या संस्थानी काळातल्या. त्यांच्यावर काळे पडदे ओढायचे म्हणजे खांद्यांचं काम होतं, आणि दुर्गाबाईंचे खांदे आता सत्तरीला टेकले होते. पण दुसऱ्या कुणी पडदे ओढले तर कुठे ना कुठे फट राहायची आणि उन्हाची तिरीप नेमकी सिनेमावाल्या पडद्यावर जाऊन बसायची. म्हणून ते काम त्यांचंच. मग पुढे मुलाबाळांसाठी सतरंजी, तिच्यामागे खुर्च्या, आणि सगळ्यात शेवटी दाराशी स्वतःचं स्टूल.

सहा वाजता दिवे जायचे, सिनेमा सुरू व्हायचा, आणि दुर्गाबाई लोकांच्या माना बघत बसायच्या.

सिनेमे असायचे कुठकुठले. जपानचे, इराणचे, कधी बंगाली. खाली इंग्रजी अक्षरं पळायची. दुर्गाबाईंना मराठी वाचता येई, गुजराती बरं वाचता येई, इंग्रजी अक्षरांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण माना कळायच्या. माना पुढे झुकल्या की सिनेमा चांगला. मोबाइलच्या उजेडात खाली गेल्या की पडेल. खेळ सुटला की फाटकावरचा पीयूषभाई हमखास विचारायचा, "आजे केवी हती फिल्म, मासी?"

"अर्ध्या माना खाली."

"तो तो फ्लॉप ने."

"फ्लॉप तर फ्लॉप. खुर्च्या तेवढ्याच उचलायच्या आहेत."

असं वीसेक वर्षं चाललं होतं. सफाईला म्हणून लागल्या आणि शनिवारच्या सिनेमाच्या होऊन बसल्या. नवरा हिंमतराव गोरव्याला एका कारखान्यात लेथवर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी स्नेहल समा भागातल्या सोसायटीत राहायची, शाळेत शिकवायची, दर रविवारी आईला म्हणायची की आता हे काम सोड. आई म्हणायची, बघू. तिथे विषय संपायचा.

गेल्या माघातली गोष्ट. संग्रहालयात सिनेमाचं सगळं बघणारी इरा नावाची पोरगी दालनात आली. बडोद्यातलीच, मराठी घरची, पण बाहेर शिकून आलेली. दुर्गाबाई तिला चारचौघांत इराबेन म्हणायच्या आणि एकट्यात इरा.

"मावशी, पुढच्या महिन्यात वेगळाच कार्यक्रम आहे. बाहेरचा सिनेमा नाही. आपल्या बडोद्यातल्या लोकांनी घरी काढलेल्या जुन्या रिळा दाखवायच्या. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, तसं."

"दुसऱ्याच्या मुंजी बघायला कोण येणार बाई?"

"बघाच तुम्ही. दांडिया बाजारातल्या सौमित्रकाकांनी तर डबा भरून रिळा आणून दिल्यात. त्यांच्या आईच्या वेळच्या. इंदिराबाई म्हणून होत्या."

दुर्गाबाईंच्या हातात खुर्ची होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसल्या. संग्रहालयातल्या खुर्चीवर त्या कधी बसत नसत.

"त्यात चैत्रगौरीची रीळ आहे का गं?"

"आहे की. तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिथं कामाला होते. स्वयंपाकघरात." दुर्गाबाई म्हणाल्या. "त्यात माझा मुलगा असेल."

इरा दुर्गाबाईंना चांगली ओळखत होती, पण त्यांना मुलगा होता हे तिला माहीत नव्हतं. फार जणांना नव्हतंच. माहीत असायला घरात एक तसबीर तरी हवी. हिंमतरावांची होती, सासूची होती, स्नेहलचे फोटो तर पाळण्यातल्यापासून पदवीच्या झग्यापर्यंत भिंतभर होते. मुलाचा एकही फोटो नव्हता. हरवले, जळले, पुरात गेले असंही काही नाही. काढलाच नव्हता.

दुर्गाबाईंची पहिली दोन बाळं बारशाच्या आत गेली होती. तिसरा झाला तेव्हा सासूनं सगळी सूत्रं आपल्या हाती घेतली. पोर जन्मल्या जन्मल्या शेजारणीला सूपभर कोंड्यावर विकलं आणि उसनं म्हणून परत मागून आणलं. म्हणजे काळ विचारत आला तर सांगायला मोकळे, आमचं नाहीच ते, लोकांचं आहे. मग त्याचं नाक टोचलं. नाव ठेवलं धोंडी. केस वाढवून वेणी घातली, हातात काचेच्या बांगड्या, अंगात फ्रॉक. पोरीकडे माणसं वळून बघत नाहीत, मरण कशाला बघेल, असा सगळा हिशेब. पाच वर्षं असंच ठेवायचं. पाच पुरी झाली की वेणी देवीला वाहायची, नाकातली मोरणी उतरवायची, खरं नाव ठेवायचं, आणि शर्ट-चड्डी घालून रावपुऱ्यातल्या फोटो स्टुडिओत न्यायचं. तोवर फोटोचं नाव काढायचं नाही. फोटोत माणूस जेवढं उतरतं तेवढं त्याच्या आयुष्यातून कमी होतं.

सासूनं सांगितलं आणि दुर्गाबाईंनी पाळलं. सासूपेक्षा कडक पाळलं. दोन बाळं मातीत घातलेली बाई, तिला कुणी दिवसभर एका पायावर उभी राहा म्हटलं असतं तरी राहिली असती.

पाचवा वाढदिवस तोंडावर आला होता तेव्हा ताप आला आणि मेंदूत गेला. लहान पोर, दहन नाही, पुरायचं. बायकांनी जायचं नसतं. हिंमतरावांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि ते निघाले. दारातून दुर्गाबाईंना दिसली ती धोंडीची पाठ आणि हिंमतरावांच्या पाठीवर लोंबणारी वेणी. गल्लीच्या वळणापर्यंत दिसली.

पुढे स्नेहल झाली. तेव्हा सासू नव्हती, आणि हिंमतराव बारशालाच फोटोवाल्याला घेऊन आले. कुणी काही बोललं नाही.

चेहरा दुर्गाबाईंच्या ध्यानात होता. पण इतक्या वर्षांत रोज काढून बघितलेली गोष्ट झिजतेच. हनुवटीवर खळी होती की गालावर, हे अलीकडे पक्कं होईना. स्नेहलचं लहानपण त्यात मिसळायला लागलं होतं. रात्री डोळे मिटले की धोंडी यायचा आणि बघता बघता त्याची स्नेहल व्हायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आता शहरात कुठेतरी एका डब्यात तो चेहरा होता म्हणे.

चार दिवसांनी इरा आली ती जरा खालच्या आवाजात बोलायला लागली.

"मावशी, मी रीळ पूर्ण बघितली. तुम्ही दिसता त्यात. पण लहान मुलगा कुठेच नाहीये. सगळ्या मुलीच आहेत."

दुर्गाबाई हसल्या. इरानं त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. "अगं वेडे, सांगायचंच राहिलं. मुलगीच असेल तो. नाकात मोरणी, वेणी. तुझ्या लक्षात कसं येईल."

मग सगळं सांगितलं. कोंडा, नाक, फ्रॉक. 

"पिवळा फ्रॉक?" इरानं विचारलं.

"पिवळा. इंदिराबाईंनी दिलेला. त्यांच्या नातीचा होता."

"मग आहे तो, मावशी. पण अगदी थोडा आहे. आणि..." इरानं लॅपटॉप उघडला. "तुम्ही आत्ताच बघून घ्या ना. म्हणजे तुम्हाला कळेल."

दुर्गाबाईंनी हात पुढे करून ते झाकण खाली केलं. "यात नको. एवढ्याशा काचेत. आधीच लहान होता तो, आणखी लहान कशाला बघू. मोठ्या पडद्यावर बघेन."

"पण ऐका तरी..."

"अगं, चाळीस वर्षं थांबलेय. त्या शनिवारपर्यंत थांबायला काय होतंय."

इरा काही तरी सांगणार होती. पण समोरच्या बाईच्या तोंडावर जे दिसलं त्यापुढे तिला ते सांगवेना. ती लॅपटॉप छातीशी धरून निघून गेली.

स्नेहलला फोन झाला. स्नेहल म्हणाली, "मी येते. सुट्टी टाकते."

"शनिवारी संध्याकाळी कसली सुट्टी?"

"मग नुसती येते. आई, तो माझ्यासारखा दिसायचा?"

"तू त्याच्यासारखी दिसायचीस. तो आधी आला होता."

कार्यक्रमाचा शनिवार उजाडला. दुर्गाबाईंनी खिडक्या नेहमीपेक्षा लवकर बुजवल्या आणि पडद्यांना मधोमध पिना लावल्या. मग गोरव्याला घरी जाऊन अंघोळ केली, स्नेहलनं दिवाळीत घेतलेली निळी साडी नेसल्या, खंडेराव मार्केटपाशी उतरून मोगऱ्याचा गजरा घेतला. गजरा कशाला घेतला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. विधवा बाई, घालणार तर नव्हत्या. रुमालात बांधून पिशवीत ठेवला.

फाटकावर पीयूषभाई बघतच राहिला. "ओहो, मासी. कोनां लगन छे?"

"माझ्या मुलाचा सिनेमा आहे," दुर्गाबाई म्हणाल्या. "दाराशी आज तू बस. मी खुर्चीवर बसणार आहे."

"बेसो ने. पहेली लाइनमां बेसो. कोण ना कहेवानुं छे?"

दालन भरलं. इतकी गर्दी परदेशी सिनेमाला कधी झाली नव्हती. दांडिया बाजार, रावपुरा, सगळीकडची जुनी मराठी घरं आली होती, काठापदराच्या साड्या, धुवट झब्बे, केम छो आणि बरं आहे ना एकाच वाक्यात. सौमित्र पुढे माईक घेऊन बसले होते, रिळांना आवाज नव्हता म्हणून काय चाललंय ते सांगायला. इंदिराबाईंचा हा मुलगा आता स्वतःच म्हातारा झाला होता. त्यांनी दुर्गाबाईंना ओळखलं नाही. दुर्गाबाईंनीही पुढे जाऊन ओळख दिली नाही. स्नेहल आईच्या उजवीकडे बसली. तिनं आईचा हात धरायला बघितलं, पण आईचे दोन्ही हात पिशवीवर घट्ट होते.

कुणाची मुंज झाली. कुणाची मोटार झाली, तिच्यावर बसून सगळं घर हसत होतं. लोक पुढे वाकून एकमेकांना सांगत होते, तो बघ तात्या, ती बघ नलिनी, किती बारीक होती गं. दुर्गाबाई आज माना बघत नव्हत्या.

"आता हे आमच्या घरचं," सौमित्र म्हणाले. "चैत्रातलं हळदीकुंकू. माझे मेव्हणे लंडनहून आले होते, त्यांचा नवा कॅमेरा. सगळ्या बायका लाजून पळत होत्या बघा."

पडद्यावर इंदिराबाईंचं माजघर आलं. झोपाळ्यात बसलेली गौर, कलिंगडाची कापलेली कमळं, पन्ह्याचे पेले, भिजवलेल्या हरभऱ्यांची परात. दुर्गाबाईंना आंब्याच्या डाळीचा वास आला. खरंच आला. त्या दिवशी डाळ त्यांनीच वाटली होती.

मग कॅमेऱ्याच्या खालून, जणू दालनातल्या पहिल्या रांगेतूनच, एक पिवळा फ्रॉक पळत निघाला.

पाठ होती. वेणी होती, लाल रिबिनीची, पळताना या खांद्यावरून त्या खांद्यावर जाणारी. बारीक पोटऱ्या. एका पायात पैंजण, दुसरं कुठे पाडून आलेलं. धोंडी परातीपाशी पोचला, मूठ भरून हरभरे घेतले. त्याला कुणीतरी कॅमेऱ्याकडून हाक मारली असावी, कारण तो थांबला. त्याची मान वळायला लागली. कानाची पाळी दिसली. गालाची कड दिसली, हरभऱ्यांनी फुगलेली.

आणि उजवीकडून, स्वयंपाकघराच्या दारातून, एक तरुण बाई आली. पदर खोचलेला, तोंड उघडं, ओरडत असलेली. धोंडीनं कॅमेऱ्याकडे वळणारी मान झटक्यात मागे फिरवली, तिच्याकडे. बाई दोन ढांगांत त्याच्यापाशी आली, तिनं आपला अख्खा पंजा त्याच्या तोंडावर धरला, त्याला उचललं, तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि ती दिसेनाशी झाली. परात तेवढी राहिली.

दालन हसलं.

वाईट असं कुणी हसलं नाही. गमतीचं होतंच ते. चिडलेली बाई आणि तिच्या हातात लोंबणारे दोन पाय.

"ही आमच्याकडची दुर्गा," सौमित्र माईकवर म्हणाले. "कॅमेऱ्याला इतकी घाबरायची. पोरगी कधी दिसूच दिली नाही तिनं." लोक आणखी हसले. तोवर पडद्यावर इंदिराबाई गौरीला ओवाळायला लागल्या होत्या.

स्नेहल हसली नव्हती. तिनं वळून बघितलं तर आई सरळ बसली होती, डोळे कोरडे, पडद्याकडे लागलेले, पुन्हा येईल म्हणून वाट बघत असल्यासारखे.

खेळ संपला. माणसं चहाकडे गेली. नेहमीच्या सवयीनं दुर्गाबाईंनी उठून एक खुर्ची मिटली आणि दुसरी मिटायला गेल्या. स्नेहलनं ती हातातून काढून घेतली.

"आई, थांब. इराताई, ते परत लावता येईल? हळू? एकेक चित्र करून?"

इरानं लावलं. तिचे डोळे लाल झाले होते. "मी हेच सांगणार होते मावशी त्या दिवशी."

"सांगितलं असतंस तरी मी आले असते."

एकेक चित्र पुढे सरकायला लागलं. पाठ. पाठ. वेणी. परात. कान. गालाची कड. आणखी थोडी कड, नाकातली मोरणी एका ठिपक्याएवढी चमकलेली. पुढच्या चित्रात नाक, डोळे, सगळं यायला हवं होतं, आणि पुढच्याच चित्रात मान परत फिरलेली, केसांचा फटकारा. मग हात. पंजा इतका जवळ की त्याच्यावर लागलेली डाळ दिसत होती. पंजाआड काही दिसत नव्हतं.

इरानं मागेपुढे करून बघितलं. स्नेहलनं अगदी पडद्याजवळ जाऊन बघितलं. चेहरा कुठेच नव्हता.

"हा पाठमोरा छान येईल," इरा म्हणाली. "फ्रॉक, वेणी, सगळं स्पष्ट आहे. मी मोठा करून देते तुम्हाला. घरी लावा."

"पाठ आहे माझ्याजवळ," दुर्गाबाई म्हणाल्या.

इराला ते कळलं नाही. स्नेहललाही नाही.

"मग हा, मोरणीचा?"

 दुर्गाबाई पडद्यावरच्या बाईकडे बघत होत्या. केवढा भरलेला हात होता. त्याच हातानं आत नेऊन त्याची मीठमोहरीनं दृष्ट काढली होती, हे त्यांना आता आठवलं. आणि त्याआधी दोन धपाटे घातले होते. हरभरे तोंडात तसेच ठेवून तो रडला होता.

"आवाज नाही ना यात," त्या म्हणाल्या.

"नाही मावशी. त्या कॅमेऱ्यांना आवाज नव्हता."

"मी हाक मारली म्हणून तो वळला. बघ ना, तिकडे बघतच होता. आता बघणार होता. मी धोंडे म्हणून ओरडले." मग स्वतःशीच, "एका हाकेत यायचा. गुणी होता."

स्नेहल खुर्च्यांच्या ढिगाला धरून उभी राहिली आणि तोंड फिरवून रडायला लागली. जन्मात कधी न बघितलेल्या भावासाठी ती पहिल्यांदा रडत होती. आईनं तिच्याकडे बघितलं, पिशवीतून रुमाल काढला, तर त्यात गजरा होता. तो परत बांधून ठेवला आणि पदर पुढे केला. "पूस."

चहाकडून सौमित्र आत आले. त्यांना बाहेर कुणीतरी सांगितलं असणार. माईकवरचं सगळं अवसान गेलं होतं. "दुर्गाबाई," ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं. म्हणजे, पोरगी नव्हे... आईनं सांगितलं असेल कधी, मी विसरलो."

"तुम्ही कॉलेजात होतात तेव्हा. तुम्हाला काय माहीत असणार. डाळ मात्र दोनदा मागून घेतली होती तुम्ही त्या दिवशी."

सौमित्रांना हसावं की काय करावं कळेना. ते नमस्कार करून गेले.

इरानं वही काढली. "मावशी, रिळांत कोण कोण आहे ते आम्ही लिहून ठेवतो. तुमच्या मुलाचं नाव काय लिहू?"

"धोंडी लिही."

"आणि खरं? पाच वर्षांनी ठेवणार होता ते?"

"ते अजून ठेवलेलं नाही," दुर्गाबाई म्हणाल्या.

दाराशी पीयूषभाई किल्ल्या घेऊन उभा होता. किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्यानं त्या मुठीत धरल्या होत्या. बाहेरच्या माणसांचे आवाज फाटकाकडे गेले, मग रस्त्याकडे.

"इरा, एकदा लाव. हळू नको. पळू दे त्याला."

त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. सतरंजीवर, पोरांच्या जागेवर, पडद्याच्या अगदी पुढ्यात जाऊन मांडी घालून बसल्या. इरानं दिवा घालवला. माजघर आलं, गौर आली, आणि पिवळा फ्रॉक त्यांच्या डोक्यावरून पळत निघाल्यासारखा निघाला. रिबीन या खांद्यावरून त्या खांद्यावर. परात. मूठ. मान वळायला लागली.

दुर्गाबाईंनी पदराचा बोळा करून तोंडात घट्ट धरला. या खेपेला हाक जाऊ द्यायची नव्हती.

कान दिसला. गालाची कड दिसली. पोर वळत होतं, वळत होतं, आणि मग दारातली ती बाई ओरडली, आणि पोर एका हाकेत तिच्याकडे फिरलं.

"परत लाव," दुर्गाबाई पदरातून म्हणाल्या.